मराठी लेखनातील विरामचिन्हे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेख तपासताना, पत्राचा मसुदा करताना किंवा मुद्रिते वाचताना विरामचिन्हांविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. सुरुवात सोप्या प्रश्नांपासून आहे, अडचणीच्या जागा पुढे आहेत. एकदा सांगितलेली गोष्ट पुन्हा सांगितलेली नाही, तेथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मराठीत कोणकोणती विरामचिन्हे वापरतात?

पूर्णविराम (.), स्वल्पविराम (,), अर्धविराम (;), अपूर्णविराम (:), प्रश्नचिन्ह (?), उद्गारचिन्ह (!), एकेरी (‘ ’) आणि दुहेरी (“ ”) अवतरणचिन्हे, संयोगचिन्ह (-), अपसारणचिन्ह (—), लोपचिन्ह (…), विकल्पचिन्ह (/) आणि कंस. काही पुस्तकांत अपूर्णविरामाला उपपूर्णविराम आणि अपसारणचिन्हाला स्पष्टीकरणचिन्ह म्हटलेले दिसते. नावे वेगळी असली, तरी चिन्हे तीच.

२. ही चिन्हे मराठीत पहिल्यापासून होती का?

नाही. मोडीतला मजकूर शब्द न तोडता सलग लिहीत. पोथ्यांमध्ये आणि पद्यात दंड असे (प्रश्न २१ पाहा), पण स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह, अवतरणचिन्हे ही सगळी मंडळी एकोणिसाव्या शतकात छपाईबरोबर इंग्रजीतून आली. ती मराठीत रुजवण्याचे श्रेय प्रामुख्याने मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. मोल्सवर्थ यांच्या मराठी–इंग्रजी शब्दकोशाच्या कामात सहभागी असलेले हेच ते कँडी.

शुद्धलेखनाचे जे नियम आपण शाळेत शिकतो (१९६२ चे चौदा आणि १९७२ मध्ये वाढवलेले चार), त्यांचा रोख अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ आणि शब्दरूपे यांवर आहे. विरामचिन्हांचे बरेचसे संकेत वापरातून आणि छापखान्यांच्या शिस्तीतून ठरले. त्यामुळे काही ठिकाणी दोन पद्धती शेजारी शेजारी नांदताना दिसतात.

३. मग इंग्रजीतले नियम मराठीला जसेच्या तसे लावायचे का?

लावू नयेत. चिन्हे तिकडून आली, पण मराठी वाक्याची घडण वेगळी आहे. कोणी, कोणाला, कशाने हे आपल्याकडे विभक्तिप्रत्यय सांगतात. ‘का’ आला की प्रश्न कळतो. ‘जर–तर’, ‘जो–तो’ अशा जोड्या वाक्याचे दोन भाग बांधून ठेवतात आणि शेवटी आलेले क्रियापद वाक्य बंद करते. सांध्यांचे इतके काम शब्दच करत असल्यामुळे मराठीला इंग्रजीपेक्षा कमी स्वल्पविराम पुरतात.

जेथे प्रत्यय मदतीला येत नाही, तेथे मात्र चिन्ह अत्यावश्यक ठरते. संबोधनाचे पाहा. ‘मुलांनो इकडे या’ यात ‘नो’ आहे, म्हणून स्वल्पविराम विसरला तरी अर्थ बिघडत नाही. एकवचनी नावाला असा आधार नसतो :

अविनाश आला का?
अविनाश, आला का?

पहिल्या वाक्यात अविनाशची चौकशी आहे, दुसऱ्यात अविनाशकडे दुसऱ्या कोणाची तरी. फरक फक्त त्या एका चिन्हाचा. कोणत्याही शंकेच्या जागी हीच कसोटी लावावी : चिन्ह काढले तर वाक्य दुसऱ्यांदा वाचावे लागते का?

४. बोलताना जेथे थांबतो, तेथे स्वल्पविराम द्यायचा ना?

ही शिकवण अर्धीच खरी आहे. श्वास घेण्यासाठी आपण कोठेही थांबतो, पण स्वल्पविराम अर्थाच्या सांध्यावरच यावा. सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे लांबलचक कर्त्यानंतर दिलेला स्वल्पविराम : ‘पहिल्या रांगेत बसलेल्या सगळ्या पाहुण्यांनी, टाळ्या वाजवल्या.’ कर्ता कितीही लांब असो, तो आणि त्याचे क्रियापद यांच्यामध्ये एकटा स्वल्पविराम येत नाही. वाक्य धाप लागण्याइतके लांब झाले असेल, तर ते तोडून दोन करावे.

जागा चुकली तर अर्थ कसा उलटतो, ते या तीन शब्दांत दिसते :

नको, थांबू दे.
नको थांबू, दे.

पहिल्यात थांबण्याला मुभा आहे, दुसऱ्यात मनाई.

विशेषणांसाठी सोपा उपाय आहे. दोन विशेषणांमध्ये ‘आणि’ घालून पाहावे. ‘लांब आणि कंटाळवाणे भाषण’ चालते, म्हणून ‘लांब, कंटाळवाणे भाषण’. ‘जुनी आणि लाकडी पेटी’ कानाला खटकते, म्हणून ‘जुनी लाकडी पेटी’, मध्ये काही नाही.

५. यादीत ‘आणि’च्या आधी स्वल्पविराम द्यावा का?

साध्या यादीत देऊ नये : ‘वही, पेन आणि पट्टी’. यादीतल्या एखाद्या घटकातच ‘आणि’ असेल, तर गोंधळ टाळण्यासाठी द्यावा : ‘लेखा आणि वित्त, भरती आणि प्रशिक्षण, आणि देखभाल असे तीन विभाग’. ‘इत्यादी’, ‘वगैरे’ यांच्या आधी ‘आणि’ही नको आणि स्वल्पविरामही नको.

६. ‘पण’, ‘म्हणून’, ‘त्यामुळे’, ‘मात्र’ यांच्या आधी की नंतर?

दोन पूर्ण वाक्ये जोडली जात असतील, तर आधी : ‘मी वेळेवर पोहोचलो, पण दार बंद होते.’ नंतर नाही. ‘मात्र, दार बंद होते’ किंवा ‘त्यामुळे, काम अडले’ ही इंग्रजी वाक्याची सावली आहे. ‘मात्र’ तर मराठीत सहसा कर्त्याच्या मागून येतो (‘दार मात्र बंद होते’) आणि त्याला कोठलेच चिन्ह लागत नाही.

७. ‘तो म्हणाला, की’ लिहावे की ‘तो म्हणाला की,’?

‘की’ हा पुढच्या वाक्याचा दरवाजा आहे, तो त्या वाक्याबरोबरच राहायला हवा. म्हणून स्वल्पविराम द्यायचा असेल तर ‘की’च्या आधी : ‘तो म्हणाला, की मला उशीर होईल.’ बोलताना आवाज ‘की’नंतर रेंगाळतो, म्हणून ‘की,’ लिहिण्याची सवय फार पसरली आहे. छापील मजकुरातही ती सर्रास दिसते. तरीही ती टाळावी असे आमचे ठाम मत आहे, कारण तिने ‘की’ आपल्या वाक्यापासून तुटतो. ‘मला वाटते की तो येईल’ अशा छोट्या वाक्यात स्वल्पविराम नसला तरी चालते.

‘की’ आणि अवतरणचिन्हे एकत्र वापरू नयेत. शब्द जसेच्या तसे द्यायचे असतील, तर ‘की’ गाळावा (प्रश्न १२ पाहा). विकल्प दाखवणाऱ्या ‘की’ला स्वल्पविराम नको : ‘आज की उद्या?’

८. ‘जर–तर’, ‘जेव्हा–तेव्हा’ असलेल्या वाक्यात काय करावे?

दुसरा जोडशब्द सुरू होण्याआधी स्वल्पविराम : ‘अर्ज वेळेत आला नाही, तर तो पुढच्या महिन्यात विचारात घेतला जाईल.’ ‘जे सापडेल ते आण’ इतके छोटे वाक्य असेल, तर सोडून द्यावा.

९. अर्धविराम खरोखर लागतो का?

दोन ठिकाणी त्याला पर्याय नाही. ज्या यादीच्या घटकांतच स्वल्पविराम आहेत, तेथे घटक वेगळे करण्यासाठी : ‘पहिल्या गटात लेखक, संपादक; दुसऱ्यात चित्रकार, मांडणीकार; तिसऱ्यात मुद्रितशोधक.’ आणि दोन स्वतंत्र वाक्ये एकाच विचाराची असून मध्ये जोडणारा शब्द नसेल, तेव्हा : ‘मजकूर तयार आहे; चित्रे यायची आहेत.’ येथे स्वल्पविराम तोकडा पडतो. पूर्णविराम चालतो, फक्त दोन्ही वाक्यांतले नाते थोडे सैल होते.

१०. अपूर्णविराम आणि विसर्ग सारखेच दिसतात. काय करावे?

ही अडचण देवनागरीची स्वतःची आहे, आणि चुका दोन्ही बाजूंनी होतात.

पहिली चूक म्हणजे विसर्गाच्या जागी अपूर्णविराम टंकणे. ‘दु:ख’, ‘स्वत:’, ‘अंत:करण’ हे डोळ्यांना ठीक दिसते, पण संगणकासाठी ती दोन वेगळी चिन्हे आहेत. विसर्ग हे अक्षराला चिकटणारे देवनागरीचे चिन्ह आहे, तर अपूर्णविराम हे सुटे चिन्ह. अशी फाइल शोधताना ‘दुःख’ शब्द सापडत नाही, शब्दतपासणी तो चुकीचा ठरवते आणि काही टंकांत त्या दोन टिंबांची उंची व अंतर वेगळे असल्याने मध्ये फट पडते. विसर्ग नेहमी मराठी कळफलकावरूनच घ्यावा.

दुसरी चूक उलटी : ‘सूचनाः’, ‘विषयः’. येथे अपूर्णविराम हवा होता आणि विसर्ग पडला. अपूर्णविराम अक्षराला अगदी चिकटवला, तरीही वाचणाऱ्याला विसर्गाचा भास होतो. यासाठीच मराठीत अपूर्णविरामाच्या आधी एक जागा सोडण्याची पद्धत आहे : ‘विषय : रजेचा अर्ज’. ‘विषय :-’ ही जुन्या टंकलेखनातली जोडगोळी याच अडचणीतून टिकून राहिली असावी. जागा सोडली, की तिची गरज उरत नाही. ती जागा न तुटणारी ठेवावी (प्रश्न १७ पाहा), नाहीतर अपूर्णविराम एकटाच पुढच्या ओळीवर जातो.

११. वाक्यात ‘कधी’, ‘कोण’, ‘का’ आले, की प्रश्नचिन्ह द्यायचेच का?

संपूर्ण वाक्य प्रश्न असेल तरच. ‘तो कधी येणार हे मला माहीत नाही.’ हे विधान आहे, शेवटी पूर्णविराम. ‘तो कधी येणार हे तुला माहीत आहे का?’ हा प्रश्न आहे. ‘जरा दार लावता का?’ यात विनंती असली, तरी रूप प्रश्नाचे आहे, म्हणून प्रश्नचिन्हच.

‘काय’ दोन्हीकडे खेळतो. ‘काय हा पसारा!’ यात वैताग आहे, उत्तराची अपेक्षा नाही, म्हणून उद्गारचिन्ह. एका वाक्याला एकच चिन्ह पुरे. ‘?!’ आणि ‘!!!’ औपचारिक लेखनात टाळावीत. साध्या आज्ञेला उद्गारचिन्ह नको : ‘अर्ज खिडकीवर द्या.’ ‘अरेरे’, ‘शाबास’, ‘बापरे’ यांच्यापुढे ते शोभते, पण हाक मारणाऱ्या ‘अरे’, ‘अहो’, ‘अगं’ यांच्यापुढे स्वल्पविराम येतो.

१२. संवाद लिहिताना चिन्हांचा क्रम कसा असतो?

बोलणारा आधी आला, तर :
ती म्हणाली, “मी येते.”

बोलणारा नंतर आला, तर बोलण्याच्या शेवटी पूर्णविरामाऐवजी स्वल्पविराम, आणि तो अवतरणाच्या आत :
“मी येते,” ती म्हणाली.

बोलणे मध्येच तोडले, तर :
“मी येते,” ती म्हणाली, “पण उशीर होईल.”

बोलणे प्रश्नाने किंवा उद्गाराने संपत असेल, तर स्वल्पविराम गळतो :
“कधी येणार?” त्याने विचारले.

नवा माणूस बोलू लागला, की नवा परिच्छेद. एकाच माणसाचे बोलणे अनेक परिच्छेद चालले, तर प्रत्येक परिच्छेदाच्या सुरुवातीला उघडणारे चिन्ह द्यावे आणि बंद करणारे फक्त शेवटच्या परिच्छेदाला. मधल्या परिच्छेदांना बंद केले, तर पुढचा परिच्छेद दुसऱ्या कोणाचा तरी वाटतो.

१३. दुहेरी कधी, एकेरी कधी? आणि पूर्णविराम आत की बाहेर?

कोणाचे तरी नेमके शब्द दुहेरीत. शब्दावर बोट ठेवायचे असेल, पुस्तक-मासिकाचे नाव असेल किंवा अवतरणात दुसरे अवतरण असेल, तर एकेरी.

पूर्णविरामासाठी पाहायचे ते इतकेच, की तो कोणाचा आहे. अवतरणातले वाक्य पूर्ण असेल आणि बाहेरचे वाक्यही तेथेच संपत असेल, तर आत : तिने लिहिले, “काम पूर्ण झाले.” त्यानंतर बाहेर दुसरा देऊ नये. अवतरणात एखादाच शब्द असेल, तर बाहेर : त्याचे उत्तर एकच, ‘मंजूर’. प्रश्नचिन्हालाही हेच. प्रश्न बाहेरच्या वाक्याचा असेल, तर चिन्ह बाहेर : तो खरेच “मी येणार नाही” असे म्हणाला? आतल्या वाक्याचा पूर्णविराम येथे गळला आहे, तो तसाच गळू द्यावा.

१४. अवतरणातल्या शब्दाला प्रत्यय कसा लावायचा?

इंग्रजीच्या नियमांत याचे उत्तर सापडत नाही, कारण तिथे हा प्रश्नच उद्भवत नाही. प्रत्यय बंद करणाऱ्या चिन्हाला लागून लिहावा, मध्ये जागा नको : ‘पण’ला, ‘की’च्या.

खरी अडचण सामान्यरूपाची आहे. समजा, पुस्तिकेचे नाव ‘आराखडा’ आहे. मराठीच्या स्वभावाप्रमाणे ‘आराखड्याच्या’ व्हायला हवे. पण ‘आराखड्या’च्या लिहिले, तर अवतरणात पुस्तिकेचे खरे नाव राहत नाही. ‘आराखडा’च्या लिहिले, तर नाव टिकते, पण व्याकरण अडखळते. दोन्ही रूपे छापलेली दिसतात, तरी सर्वांत स्वच्छ वाट तिसरीच आहे : ‘आराखडा’ या पुस्तिकेच्या. नाव शाबूत राहते आणि प्रत्यय ‘पुस्तिका’ उचलते. नाव व्यंजनान्त किंवा ईकारान्त असेल आणि रूप बदलत नसेल (‘नियमावली’त), तर सरळ प्रत्यय लावावा.

१५. संयोगचिन्ह कोठे द्यावे?

दोन्ही शब्द बरोबरीचे असून वेगळे दिसायला हवेत तेथे : ‘स्त्री-पुरुष’, ‘दोन-तीन’, ‘ऱ्हस्व-दीर्घ’. ‘आईवडील’ यासारखे घट्ट जुळलेले शब्द एकत्र लिहिले तरी चालतात. ‘हळूहळू’, ‘वारंवार’ यांत संयोगचिन्ह नको.

ओळ संपताना शब्द तोडण्यासाठी हाताने संयोगचिन्ह टंकू नये. आज ते ओळीच्या टोकाला असते. टंकाचा आकार बदलला किंवा मजकूर मोबाइलवर गेला, की तेच ओळीच्या मधोमध येऊन ‘विराम-चिन्हे’ असे काहीतरी दिसते. तोडण्याचे काम मांडणीच्या सॉफ्टवेअरकडे सोपवावे.

१६. संयोगचिन्ह, छोटी रेघ आणि मोठी रेघ यांत फरक काय?

सर्वांत आखूड ते संयोगचिन्ह, शब्द जोडण्यासाठी. मधली रेघ मर्यादा दाखवण्यासाठी : ‘पृष्ठे १०–१५’. तिच्याबरोबर ‘ते’ किंवा ‘पासून’ नको; ‘१० ते १५’ लिहिले, की रेघ गेली. लांब रेघ म्हणजे अपसारणचिन्ह, स्पष्टीकरण देताना किंवा बोलणे अर्धवट तुटते तेव्हा : ‘शेवटी एकच गोष्ट उरली — वाट पाहणे.’

वर्डमध्ये अंकपट्टीवरची वजाची कळ कंट्रोलबरोबर दाबली, तर मधली रेघ मिळते. कंट्रोल आणि ऑल्ट दोन्हींबरोबर दाबली, तर लांब. विंडोजवर इतरत्र इंग्रजी कळफलक निवडून, ऑल्ट दाबून ठेवून अंकपट्टीवर ०१५० किंवा ०१५१ टंकावे. मोबाइलवर बहुतेक कळफलकांत संयोगचिन्हाची कळ धरून ठेवली, की बाकीच्या रेघा वर येतात.

१७. चिन्हाच्या आधी जागा सोडायची की नंतर?

स्वल्पविराम, पूर्णविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह यांच्या आधी काही नाही, नंतर एक जागा. ‘कळले का ?’ असे लिहिले, तर ओळ नेमकी तेथे संपल्यावर प्रश्नचिन्ह एकटेच पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जाऊन बसते. अपूर्णविराम हा एकच अपवाद. कंस आणि अवतरणचिन्हे आतल्या बाजूने चिकटलेली असावीत.

जेथे जागा हवी, पण ओळ तुटायला नको, तेथे न तुटणारी जागा द्यावी. वर्डमध्ये ती कंट्रोल, शिफ्ट आणि स्पेस एकत्र दाबून मिळते.

१८. डॉ., प्रा., कि. मी., ता. क. यांत टिंबे आणि जागा कशा द्याव्यात?

संक्षेपाच्या प्रत्येक तुकड्यापुढे टिंब आणि दोन तुकड्यांमध्ये न तुटणारी जागा : ‘ता. क.’, ‘सा. न. वि. वि.’ नावांच्या आद्याक्षरांनाही हेच. वाक्य संक्षेपाने संपत असेल, तर दुसरा पूर्णविराम नको. प्रश्नचिन्ह मात्र टिंबापुढे येते. ‘उदा.’नंतर अपूर्णविराम नको. ‘पीडीएफ’, ‘एटीएम’ यांत आपण इंग्रजी अक्षरांची नावेच लिहितो, तो एक पूर्ण शब्द होतो, म्हणून टिंबे नकोत.

१९. अंक, तारीख आणि वेळ लिहिताना?

मोठ्या संख्येत उजवीकडून आधी तीन, मग दोन-दोन अंकांवर स्वल्पविराम, जागा न सोडता : १२,३४,५६७. तारखेत दिवस आधी येत असल्याने स्वल्पविरामाची गरज नाही : ५ मे २०२०. वेळ ‘१०.३०’ आणि ‘१०:३०’ अशी दोन्ही तऱ्हांनी लिहितात; एका लेखात एकच ठेवावी.

शतक गाळून वर्ष लिहिताना (’९०) अंकाच्या आधी बंद करणारे एकेरी चिन्ह हवे. संगणक तेथे आपोआप उघडणारे टाकतो. दोनदा टंकून पहिले खोडले, की बरोबर चिन्ह उरते.

शब्दयोगी अव्यय शब्दाला जोडून लिहायचे, हा नियम सर्वांना ठाऊक आहे. अंकापुढे मात्र ‘२०२०मध्ये’ आणि ‘२०२० मध्ये’ दोन्ही चालतात. जागा सोडली, तर ती न तुटणारी असावी.

२०. ‘काSSय’ असे लिहिलेले दिसते. ते चिन्ह कोणते?

ते चिन्हच नाही, इंग्रजी अक्षर आहे. लांबवलेला स्वर दाखवण्यासाठी देवनागरीत अवग्रह आहे : ‘काऽऽय’, ‘आईऽऽ’. मराठी कळफलकाच्या चिन्हांच्या पानावर तो सापडतो. इंग्रजी अक्षर घातले, तर टंक बदलताच ते वेगळ्या वळणाचे दिसू लागते.

२१. मराठीत दंड (।) वापरावा का?

गद्यात नाही. तेथे पूर्णविरामच, दंड आजच्या हिंदी गद्यात चालतो. ओवी, अभंग, श्लोक छापताना चरणाच्या शेवटी एकेरी आणि कडव्याच्या शेवटी दुहेरी दंड क्रमांकासह देतात : ॥१॥. त्यासाठी उभी रेघ दोनदा टंकू नये, दुहेरी दंडाचे स्वतंत्र चिन्ह आहे.

२२. टिंबे किती द्यावीत? दोन, तीन, पाच?

तीनच. वाक्य अर्धवट सोडले किंवा अवतरणातला भाग गाळला, तर तीन टिंबे, मधे जागा नाही. त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह येऊ शकते, पूर्णविराम नको. दोन टिंबांना काहीच अर्थ नाही. ‘इत्यादी…’ हे एकच गोष्ट दोनदा सांगणे आहे.

२३. कंस असेल तर पूर्णविराम कोठे?

कंसात संपूर्ण वेगळे वाक्य असेल, तर आत. कंस वाक्याचाच भाग असेल, तर बाहेर (या वाक्यासारखा). शीर्षकाला आणि एक-दोन शब्दांच्या यादीतल्या घटकांना पूर्णविराम लागत नाही.

२४. लेख पूर्ण झाल्यावर विरामचिन्हे कशी तपासावीत?

वाचून सगळे सापडत नाही, कारण डोळा अर्थामागे धावतो. आधी ‘शोधा’ची सोय वापरावी. ओळीने शोधायचे ते असे : दोन जागा लागोपाठ, जागा आणि लगेच प्रश्नचिन्ह, स्वल्पविराम किंवा पूर्णविराम, लागोपाठ दोन टिंबे, ‘की’ आणि पुढे स्वल्पविराम. त्यानंतर अपूर्णविराम शोधावा आणि प्रत्येक ठिकाणी थांबून पाहावे, की हा खरा आहे की विसर्गाच्या जागी आलेला. ‘सर्व बदला’ येथे कधीही दाबू नये, नाहीतर ‘विषय :’चाही विसर्ग होईल. सर्वांत जास्त सापडेल तो ‘स्वत:’. शेवटी उघडणाऱ्या आणि बंद करणाऱ्या अवतरणचिन्हांची संख्या वेगवेगळी शोधून जुळवावी. परिच्छेदांमागून परिच्छेद चालणारे संवाद (प्रश्न १२) आणि ’९० सारखी वर्षे सोडून ती सारखी यायला हवी.